नायटा हटत का नाही? नवी बुरशी, जुनी ट्यूब आणि सोलापूरचा उन्हाळा

शिंगीथर (धागाकर्ती)

मार्च सरत आला की सोलापुरात पारा चाळिशीला टेकतो आणि औषधाच्या दुकानांत जांघ-काखेच्या ट्यूबा हातोहात खपू लागतात. गजकर्ण, नायटा, दाद, काहीही म्हणा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी दोन आठवड्यांच्या मलमाने जाणारा हा आजार आता महिनोन्‌महिने का रेंगाळतो, यावर गेल्या काही वर्षांत बरंच पक्कं संशोधन झालं आहे. ते एका जागी यावं म्हणून हा धागा. घरगुती उपायांची यादी नको, ती इथे आधीच भरपूर आहे.

पहिली गोष्ट म्हणजे बुरशी बदलली. पूर्वी भारतात मुख्यतः ट्रायकोफायटन रुब्रम सापडायची. आता बहुतेक ठिकाणी ट्रायकोफायटन इंडोटिनी सापडते. या जातीचं स्वतंत्र वर्णन २०२० साली जपानी संशोधकांनी केलं, तेही नेपाळी आणि भारतीय रुग्णांकडून आलेल्या नमुन्यांवरून. त्याआधी तिला ट्रायकोफायटन मेंटाग्रोफायटिस या जातीचा आठवा जनुकप्रकार म्हणत. मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णांची नोंद अमेरिकेत अधिकृतपणे प्रसिद्ध झाली. त्यातली एक बाई परदेशात गेलेलीच नव्हती, म्हणजे बुरशी तिथेही माणसामाणसांत पसरू लागली होती.

दुसरी गोष्ट टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधाची. बुरशीच्या पेशीपटलाला एर्गोस्टेरॉल हे घटकद्रव्य लागतं. ते बनवताना स्क्वालिन इपॉक्सिडेज नावाचं एन्झाइम वापरलं जातं आणि टर्बिनाफिन नेमकं त्यालाच अडवतं. मग कच्चा माल असलेलं स्क्वालिन साठत जातं आणि बुरशी मरते. इंडोटिनीच्या अनेक वाणांत या एन्झाइमच्या ३९७ व्या जागी फिनाइलअ‍ॅलनिनऐवजी ल्युसिन आलेलं असतं, काहींत ३९३ व्या जागी बदल असतो. एका अमिनो आम्लाच्या फरकाने औषधाला बसायला जागाच उरत नाही. साध्या वाणाला रोखायला दर मिलिलिटरला ०.०३ मायक्रोग्रॅमच्या आसपास औषध पुरतं, बदललेल्या वाणाला १६ किंवा त्याहूनही जास्त लागतं. २५० मिलिग्रॅमची गोळी घेतल्यावर रक्तातली कमाल पातळी दर मिलिलिटरला साधारण १ मायक्रोग्रॅमपर्यंत जाते. म्हणून असा वाण असेल तर "एकाऐवजी दोन गोळ्या घ्या" या सल्ल्याला अर्थ उरत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे ट्यूब, आणि माझ्या मते या सगळ्याचं मूळ तिथेच आहे. जाणकारांनी आपापल्या बाजूने भर घालावी.

---

औषधपेढी_अण्णा

ट्यूबवरून सुरुवात करतो. नावाकडे बघू नका, मागचं बारीक अक्षर वाचा. क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, हॅलोबेटासोल यांपैकी एकही शब्द दिसला तर त्यात स्टेरॉइड आहे. सोबत ऑफ्लोक्सासिन किंवा निओमायसिन म्हणजे अँटिबायोटिक, ऑर्निडाझोल म्हणजे अमीबासारख्या परजीवींवरचं, आणि शेवटी टर्बिनाफिन, क्लोट्रिमाझोल किंवा मायकोनाझोल. चार रोगांची चार औषधं एका ट्यूबमध्ये, आणि त्यातलं क्लोबेटासोल ०.०५ टक्के हे त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडांतल्या सर्वांत जहाल गटातलं.

मार्च २०१८ मध्ये केंद्राने १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. कागदावर. गल्ल्यावर काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. गिऱ्हाईक रिकामी ट्यूब दाखवतं, "हीच द्या" म्हणतं, आणि ती मिळते.

आता मापाचं. नुसती बुरशीची ट्यूब असली तरी लोक ती इतकी कमी लावतात की फायदा होणं अवघड. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर नळीतून पिळलेली पट्टी म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. दोन्ही जांघा आणि कंबरेचा पट्टा मिळून सहा तळहात जागा धरली तर एका वेळेला दीड ग्रॅम. दिवसातून एकदा लावायचं ल्युलिकोनाझोल १ टक्का असेल तर महिन्याला ४५ ग्रॅम, दोनदा लावायचं मलम असेल तर ९० ग्रॅम. १० ग्रॅमची ट्यूब एकवेळच्या मलमाची असली तरी आठवडाभरही टिकत नाही. ती महिनाभर पुरली असेल तर औषध हरलं म्हणू नका, ते पोहोचलंच नाही.

---

विडीघरकुल_२

अण्णा, मग स्टेरॉइडवाल्या ट्यूबने दोन दिवसांत खाज थांबते ते कसं? ते खोटं तर नाही ना? आधी चार दिवस ती लावून मग साधी लावली तर काय बिघडतं?

---

चर्म_ओपीडी

खाज थांबते हे खरं आहे, म्हणून तर ती खपते. पण ती का थांबते ते बघा.

ही बुरशी जिवंत पेशींत शिरत नाही. ती सगळ्यात वरच्या मेलेल्या थरात राहते. तो थर किरॅटिनचा, आणि किरॅटिन गंधकाच्या बंधांनी घट्ट विणलेलं असतं. बुरशी आधी सल्फाइट बाहेर सोडून ते बंध तोडते आणि मग तिची एन्झाइमं मोकळं झालेलं प्रथिन खातात. खाली जिवंत पेशींना बुरशीच्या भिंतीतलं बीटा-ग्लुकान ओळखू येतं, प्रतिकारशक्तीच्या टी पेशींतली टीएच १७ ही फळी जागी होते, इंटरल्युकिन १७ आणि २२ ही संदेशवाहक प्रथिनं सुटतात. त्यातून लाली, खाज, आणि मुख्य म्हणजे त्वचेची उलाढाल वाढते. वरचा थर भराभर सुटून पडतो आणि बुरशीलाही सोबत घेऊन जातो. कडा पुढे सरकते आणि मधला भाग साफ दिसतो, ते यामुळेच.

स्टेरॉइड या दोन्ही गोष्टी बंद करतं. दाह बसतो, म्हणून खाज थांबते. पेशींचं विभाजन मंदावतं, म्हणून थर सुटायचा थांबतो आणि बुरशीला मुक्काम मिळतो. वरून त्याच ट्यूबमध्ये टर्बिनाफिन थोडंथोडं असतंच, म्हणजे कमकुवत वाण मरतात आणि बदललेले शिल्लक राहतात. चार दिवसांनी ट्यूब थांबवली की दाह दुपटीने परततो आणि माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो.

अशा रुग्णात चट्टा ओळखूही येत नाही. कडा पुसट होते, किंवा एका वर्तुळात दुसरं वर्तुळ उठतं. वर्तुळात वर्तुळ दिसलं की आमच्याकडे पहिला प्रश्न "कुठली ट्यूब लावली?" हाच असतो. जांघेत महिनोन्‌महिने क्लोबेटासोल लावल्याने कातडीखालचं कोलॅजन तुटून ज्या रुंद जांभळट भेगा पडतात, त्या रंगाने फिक्या होतात पण जात नाहीत.

म्हणून चार दिवससुद्धा नको. नायट्यावरची स्टेरॉइडची ट्यूब एकदम बंद करायची. पहिले आठ-दहा दिवस खाज जास्त होईल, त्याला रात्री सेट्रिझिन १० किंवा लेव्होसेट्रिझिन ५ मिलिग्रॅम आणि साधं व्हॅसलीनसारखं मलम. चेहऱ्यावर कोणी महिनोन्‌महिने ती ट्यूब लावत असेल तर मात्र परस्पर झटक्यात बंद करू नका. तिथे चेहरा भाजल्यासारखा लाल होतो, आणि ते उतरवणं डॉक्टरच्या नजरेखालीच व्हायला हवं.

---

पार्क_चौक

सौम्य हायड्रोकॉर्टिझोन १ टक्का पहिले पाच दिवस चालतं असं काही पाश्चात्त्य पुस्तकांत आहे. सरसकट विरोध जरा टोकाचा वाटतो.

---

चर्म_ओपीडी

@पार्क_चौक, आहे तसं, आणि तिथल्या रुब्रमला ते चालूनही गेलं असेल. इथे अडचण अशी की रुग्ण "स्टेरॉइड चालतं" एवढंच लक्षात ठेवतो, आणि दुकानात हायड्रोकॉर्टिझोन मागितलं तर हातात क्लोबेटासोल पडतं. तोंडातून घ्यायच्या खाजेच्या गोळीने तेच काम होत असताना ही जोखीम घेण्यात मला शहाणपणा दिसत नाही. मतभेद मान्य.

---

स्लाइड_४०एक्स

तपासणीबद्दल कोणीच बोललं नाही. केओएच तपासणी (चट्ट्याचा कोंडा क्षारात भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) स्वस्त आहे, अर्ध्या तासात होते, सिव्हिलमध्येही होते, तरी निम्मे लोक न तपासता महिनोन्‌महिने गोळ्या खातात.

पद्धत अशी. चट्टा ७० टक्के स्पिरिटने पुसून वाळू द्यायचा, नाहीतर मलमाचे थेंब स्लाइडवर बुडबुड्यांसारखे दिसतात. खरवड कडेवरून घ्यायची, मधून नाही. मधला भाग बहुतेक वेळा रिकामा असतो. १५ नंबरचं ब्लेड त्वचेला आडवं धरून कोंडा काळ्या कागदावर पाडायचा. स्लाइडवर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब, वर कव्हरस्लिप, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. घाई असेल तर स्लाइड ज्योतीवरून नुसती फिरवायची, उकळू द्यायची नाही. उकळली की क्षाराचे स्फटिक होतात आणि स्लाइड वाया जाते. नखासाठी २० ते ४० टक्के आणि जास्त वेळ. कंडेन्सर खाली, उजेड कमी, आधी १० एक्सवर शोधायचं, मग ४० एक्सवर खात्री. पेशींच्या सीमा ओलांडत सरळ जाणारे, फांद्या फुटलेले, आडपडदे असलेले पारदर्शक धागे दिसले तर बुरशी आहे.

चुका दोन ठिकाणी होतात. पेशींच्या कडेकडेने वाकडीतिकडी जाळी दिसते तिला नवशिके बुरशी समजतात. आणि दुसरी आपल्या गावची खास: लूमवर काम करणाऱ्याच्या खरवडीत सुताचे तंतू येतात. कापसाचा तंतू चपट्या फितीसारखा असतो, मधूनमधून पीळ खाल्लेला, जाडी असमान, आणि त्याला आडपडदे नसतात. फाइन फोकस थोडा वरखाली केला की फरक कळतो.

बुरशीचं मलम चालू असताना नमुना दिला तर निष्कर्ष नकारात्मक येऊ शकतो. शक्य असेल तर एक-दोन आठवडे मलम बंद ठेवून या, आणि तसं जमलं नसेल तर निदान सांगा तरी.

कल्चरसाठी, म्हणजे बुरशी वाढवून बघायला, सॅबुरॉड डेक्स्ट्रोज अगार हे माध्यम, त्यात क्लोरॅम्फेनिकॉल आणि सायक्लोहेक्झिमाइड. इंडोटिनी आठवडाभरात पांढरी, पिठूळ वाढते, तरी नकारात्मक म्हणायला चार आठवडे थांबायचं. नुसत्या डोळ्यांनी किंवा सूक्ष्मदर्शकाखाली ती मेंटाग्रोफायटिसपासून वेगळी काढता येत नाही. पक्की ओळख आयटीएस या ओळख पटवणाऱ्या भागाच्या जनुकक्रमानेच होते, आणि ती सोय मोठ्या केंद्रांतच. रोजच्या उपचाराला तिची गरजही नाही.

आणखी एक. वुड्स लॅम्पचा (अतिनील दिव्याचा) निळा उजेड टाकून "बुरशी नाही" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, ही बुरशी त्यात चमकतच नाही. पण जांघेतला तपकिरी, उठलेली कड नसलेला, न खाजणारा चट्टा त्या उजेडात पोवळ्यासारखा लाल चमकला तर तो नायटा नसून एरिथ्रास्मा आहे. तो जिवाणूंचा आजार आहे, त्याचं औषध वेगळं.

---

संपादक

"सात दिवसांत हमखास" अशा तेलाची जाहिरात करणारा प्रतिसाद काढून टाकला आहे.

---

औषधपेढी_अण्णा

काढलात ते बरं केलंत. त्या जातीच्या काही बाटल्यांत सॅलिसिलिक आणि बेंझोइक आम्ल असतं. व्हिटफिल्डचं मलम म्हणजे ६ टक्के बेंझोइक आणि ३ टक्के सॅलिसिलिक. तळपायाच्या जाड कातडीला ते ठीक, पण जांघेत लावलं तर कातडी सोलून निघते. चुना, रॉकेल, बॅटरीचं पाणी लावणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

आता गोळ्यांकडे. टर्बिनाफिनचा भरवसा गेल्यामुळे सध्या भर इट्राकोनाझोलवर आहे. हे औषध पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून साखरेच्या बारीक मण्यांवर त्याचा लेप देऊन ते मणी कॅप्सूलमध्ये भरतात. मण्यांचा आकार, संख्या, लेपाचा एकसारखेपणा यांवर शोषण ठरतं, त्यामुळे सगळ्या कंपन्यांचं १०० मिलिग्रॅम पोटात सारखं वागत नाही. एका कोर्सच्या मध्येच ब्रँड बदलू नका, आणि सगळ्यात स्वस्त कुठलं तेही विचारू नका.

विरघळायला जठरातलं आम्ल लागतं. म्हणजे कॅप्सूल पूर्ण जेवणानंतर लगेच. चहा-बिस्किटावर नाही, आणि उपाशीपोटी तर नाहीच. आपल्याकडे कुठल्याही चिठ्ठीत आम्ल कमी करणारं पँटोप्राझोल असतंच, ते इथे उलटं पडतं. पातळ अँटासिड घ्यायचंच असेल तर कॅप्सूलनंतर किमान दोन तासांनी. आम्ल कमी असणाऱ्यांना कोलाच्या पेयाबरोबर घेतल्याने शोषण वाढतं हे तपासून झालेलं आहे; मधुमेह असेल तर हा मार्ग अर्थातच नाही. हल्ली एसयूबीए नावाने ५०, ६५, १०० आणि १३० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल येतात. त्यात औषध पॉलिमरमध्ये विखुरलेलं असतं, आम्लावर अवलंबून राहणं कमी होतं. तिथला ६५ चा आकडा साध्या कॅप्सूलच्या १०० शी ताडून बघतात, म्हणून "६५ कशाला, १०० द्या" असा हट्ट धरू नका.

---

चर्म_ओपीडी

अण्णांचं बरोबर. भर घालतो.

कोलेस्टेरॉलचं सिम्व्हास्टॅटिन किंवा लोव्हास्टॅटिन चालू असेल तर इट्राकोनाझोल नाही. स्नायू विरघळण्याचा धोका. अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिनवालेही डॉक्टरला आधी सांगा. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर इट्राकोनाझोल यकृतात इतक्या वेगाने जळतं की ते घेऊन उपयोगच नाही. हृदय निकामी होण्याचा इतिहास असेल तर बंदी, कारण हे औषध हृदयाचं आकुंचन कमी करतं. गरोदरपणात नको. पायांवर सूज, दम लागणं, गडद लघवी, अचानक वाढलेला रक्तदाब यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी थांबवून दाखवायला या. लांब कोर्समध्ये यकृताची तपासणी करायची असते.

डोस साधारण दिवसाला २०० मिलिग्रॅम. ४०० वर नेऊन फायदा त्या प्रमाणात वाढत नाही, त्रास मात्र वाढतो. पूर्वी कधी उपचार न झालेल्या चट्ट्याला किमान चार आठवडे. ट्यूबा लावून बिघडवलेल्याला सहा-आठ आठवडे, कधी त्याहूनही जास्त. रुग्ण दहाव्या दिवशी खाज गेली म्हणून थांबतो, आणि सगळं तिथेच फसतं.

मलम लावताना दोनचा नियम पाळा: चट्ट्याच्या कडेबाहेर २ सेंटिमीटरपर्यंत, दिवसातून २ वेळा (ल्युलिकोनाझोल असेल तर एकदाच), आणि चट्टा गेल्यावर आणखी २ आठवडे.

---

होटगी_नाका

चट्टा "गेला" हे कसं ठरवायचं? जांघेत काळं राहतंच की.

---

शिंगीथर

काळं राहणं म्हणजे बुरशी राहणं नाही. दाह झाला की रंगद्रव्य खालच्या थरात सांडतं आणि ते साफ व्हायला काही महिने लागतात. बघायच्या गोष्टी तीन: खाज, कोंडा आणि कडेचा उठाव. उजेडात कातडी दोन बोटांनी ताणा, कडेवर नख हलकेच फिरवा. पिठूळ कोंडा निघाला किंवा बोटाला कड लागली तर अजून आहे. सपाट, गुळगुळीत, नुसतं तपकिरी असेल तर गेलं. त्या काळ्यावर गोरं करणारी मलमं चोळू नका. तशा काही ट्यूबांत मोमेटासोन असतं आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.

नीट जेवणानंतर, न चुकवता चार-सहा आठवडे घेऊनही कड पुढे सरकत असेल तर तीन शक्यता. घरातलं कोणीतरी उपचाराबाहेर आहे, पायाच्या नखात बुरशी दडली आहे, किंवा वाण खरंच इट्राकोनाझोललाही दाद न देणारा आहे. ही तिसरी शक्यता आता नुसती कल्पना नाही. इंडोटिनीच्या काही वाणांत अ‍ॅझोल (इट्राकोनाझोलच्या गटातल्या) औषधांचं जे लक्ष्य, त्या सीवायपी ५१ बी जनुकाच्या एकापाठोपाठ एक जास्तीच्या प्रती सापडल्या आहेत. लक्ष्यच जास्त बनलं की तेवढं औषध अपुरं पडतं. पण पहिल्या दोन शक्यता कितीतरी जास्त आढळतात, त्या आधी तपासा. व्होरिकोनाझोल वगैरे राखीव औषधं इंटरनेटवर वाचून मागू नका.

एक गंमत नाही, खंत म्हणा. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्राधान्याच्या १९ बुरशींची पहिली यादी काढली, त्यात नायट्याची एकही बुरशी नाही. जीव जात नाही म्हणून बहुधा.

---

टेरी_प्रोसेसिंग

कपड्यांचं मी सांगतो. आधी एक गैरसमज: "टॉवेलच्या गावात टॉवेलमधूनच पसरतं." नव्या टॉवेलमधून नाही. ब्लीचिंगला कॉस्टिक आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये नव्वदीच्या वर तापमान मिळतं, त्यात काही जगत नाही. दोष आहे तो चार जणांत एक टॉवेल वापरण्याचा.

सुटलेल्या कोंड्यातली बुरशीची बीजं कापडात महिनोन्‌महिने टिकतात. ३० अंशांच्या धुण्यात ती मरत नाहीत, उलट त्याच बादलीतल्या दुसऱ्या कपड्यांना लागू शकतात. ६० अंशांना मरतात. मशीनमध्ये ६० चा पर्याय असेल तर तो लावा, "क्विक वॉश" नको.

मशीन नसेल तर बादलीचा हिशोब करा. सोलापूरच्या उंचीवर पाणी ९८-९९ अंशांना उकळतं. हिवाळ्यात नळाचं पाणी २५-३० अंश धरलं तर निम्मं-निम्मं मिसळून जेमतेम ६०-६४ येतं आणि अर्ध्या तासात ते पन्नाशीत उतरतं. म्हणून दोन भाग उकळतं, एक भाग साधं: सहा लिटरला तीन लिटर. सुरुवात पंचाहत्तरच्या आसपास होते, झाकण ठेवलं तर अर्ध्या तासाने साठीच्या वर राहतं. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मुळातच चाळीसचं असतं, तेव्हा निम्मं-निम्मं चालून जातं. स्टीलचं पातेलं किंवा पत्र्याची बादली घ्या, कपडे उलटे करून लाकडी काठीने बुडवा, पोरांना लांब ठेवा. धुण्याची पावडर या पाण्यात टाकू नका. तिच्यातली एन्झाइमं इतक्या उष्णतेत निकामी होतात. आधी गरम पाणी, मग कोमटात पावडर.

रंगाचं: व्हॅट आणि रिअ‍ॅक्टिव्ह रंगातलं सूत ६० अंश सहन करतं. शंका असेल तर कोपरा गरम पाण्याने ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबा. डाग उठला तर तो कपडा वेगळा. अंडरवेअरचं इलॅस्टिक लवकर ढिलं पडेल, तो खर्च धरून चाला. वाळल्यावर शिवणी आणि कंबरपट्टीवरून कापसाच्या सेटिंगला इस्त्री फिरवा, बीजं तिथेच अडकतात. ऊन चांगलं, पण ते जोडीला. नुसत्या उन्हावर भिस्त नको.

---

विडीघरकुल_२

उजनीचं पाणी चार-पाच दिवसांआड येतंय, एवढं धुणं रोज कसं जमायचं ओ दादा?

---

टेरी_प्रोसेसिंग

रोज सगळं नाही, ताई. कातडीला चिकटून राहतं ते आधी: अंतर्वस्त्रं, बनियन, मोजे, टॉवेल, लेगिंग. हे रोज गरम पाण्यात, आणि नऊ लिटरमध्ये एका माणसाचं बसतं. साडी, शर्ट, पँट नेहमीच्या धुण्यात, फक्त आजारी माणसाचे वेगळे. उशीचा अभ्रा आणि अंथरुणावरची चादर पाणी येईल त्या दिवशी. जाड सोलापुरी चादर दर वेळी उकळायची गरज नाही. अंगावर घेताना आत पातळ सुती चादर लावा आणि तीच धुवा. गरम पाणी फेकू नका, त्याच पाण्याने नंतर बाथरूम धुवून काढता येतं.

---

पार्क_चौक

अवांतर: नवीन जेएके इनहिबिटर (प्रतिकारशक्तीचे संदेश अडवणारी) मलमं येताहेत, रक्सोलिटिनिब वगैरे. ती खाजेला स्टेरॉइडविना चालतात म्हणे. नायट्याला?

---

शिंगीथर

नाही. रक्सोलिटिनिबच्या मलमाला अमेरिकेत २०२१ मध्ये एक्झिमासाठी आणि २०२२ मध्ये कोडासाठी मान्यता मिळाली. दोन्ही ठिकाणी शरीराचीच प्रतिकारशक्ती वाट चुकलेली असते, म्हणून ती दाबून फायदा होतो. नायट्यात तीच प्रतिकारशक्ती आपल्याला हवी आहे. स्टेरॉइड नसलं तरी टॅक्रोलिमस किंवा टोफासिटिनिब ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं नायट्यावर लावली तर त्याच मार्गाने बिघडतं. कोडावर वेगळा धागा काढा, तिथे बोलण्यासारखं खूप आहे.

---

अक्कलकोट_रोड_एमआयडीसी

लूमवर बारा तास घामात काम. दोन कामगारांना नायटा आहे, बाकीचे कुरकुर करताहेत. त्यांना सुट्टी द्यायची का?

---

चर्म_ओपीडी

सुट्टीची गरज नाही. शेजारी उभं राहून लागत नाही, सुताच्या फुफाट्यातूनही नाही. लागतं ते सामायिक टॉवेल, दुपारी आळीपाळीने लवंडायची चटई, आणि एकमेकांचे कामाचे कपडे यांतून. प्रत्येकाला स्वतःचा टॉवेल आणि स्वतःची चटई ठेवायला लावा. घट्ट जीन्सऐवजी सैल सुती पँट. घामाने भिजलेली बनियन दुपारी बदलायची. आणि करदोडा: कायम ओला, कायम कंबरेच्या चट्ट्यावर घासणारा, वर्षानुवर्षं न उकळलेला. उपचार चालू असेपर्यंत काढून ठेवा, नंतर नवीन बांधा. ताईताच्या दोऱ्यालाही हेच.

दोघांच्या घरी आणखी कोणाला आहे का ते विचारा. असेल तर सगळ्यांचा उपचार एकाच वेळी सुरू व्हायला हवा. एकाचा संपला आणि दुसऱ्याचा सुरू झाला तर चक्र थांबत नाही.

---

स्लाइड_४०एक्स

कपडे बदलायच्या खोलीची फरशी आणि बाकडं राहिलं. घरगुती ब्लीचचा एक भाग, पाण्याचे दहा भाग, पुसून दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग साध्या पाण्याने. आधी केर आणि फुफाटा काढा, कारण सेंद्रिय कचऱ्यात क्लोरीन वाया जातं. द्रावण त्याच दिवशीचं वापरा. आणि संडास साफ करायच्या आम्लाबरोबर चुकूनही मिसळू नका, बंद खोलीत क्लोरीन वायू सुटतो.

---

अक्कलकोट_रोड_एमआयडीसी

चटया प्लास्टिकच्या आहेत, त्यांना हेच चालेल?

---

स्लाइड_४०एक्स

चालेल. विणीच्या फटींत ब्रश फिरवा, दोन्ही बाजू, मग उन्हात उभ्या करून वाळवा. कापडी गाद्या असतील तर ब्लीच नको, खोळ घाला आणि खोळ उकळत्या पाण्यातून काढा.